युरोपची रंगीत तालीम

युरोपचा प्रवास माणसाला दमवतो म्हणतात. मी युरोपला न जाताच दमलो.

आमची रुचा जर्मनीत हॅम्बुर्गला नोकरी करते. तिथून गाडीने निघायचं, गाडीसकट बोटीत चढून डेन्मार्कला उतरायचं, मग स्वीडन, मग नॉर्वेचे डोंगर आणि डोंगरात शिरलेला समुद्र बघत दुसऱ्या बोटीने परत, असा बेत तिने फोनवर सांगितला. तो तिच्यावरच सोपवला असता तर आज पाठीला शेक घेत बसायची वेळ आली नसती. पण मी जळगावात ठिबकच्या नळ्या विकतो. आपल्याशिवाय थेंबसुद्धा पुढे सरकत नाही, अशी सवय लागलेली! नियोजन मी हाती घेतलं.

जेवणाच्या टेबलावर भलामोठा नकाशा चिकटवला. घास तोंडात आणि बोट स्वीडनवर. थोड्याच दिवसांत नॉर्वेच्या किनाऱ्यावर शेवभाजीची तर्री सांडली. बायको, म्हणजे वंदना, फडकं फिरवत म्हणाली, ‘‘इथेच तेल सापडतं ना हो?’’

तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात, असं कळल्यावर मी रोज सकाळी उजवीकडून चालवायचा सराव सुरू केला. (जळगावात कोणाच्या लक्षातही आलं नाही. समोरून येणारेही त्यांच्या उजवीकडूनच येत होते!)

आमच्याबरोबर नानाही येणार होते. नाना माझे थोरले भाऊ, चोपड्याला केळी पिकवतात. वहिनी गेल्यापासून त्यांनी शेत सोडून कुठे जाणंच बंद केलं होतं. रुचाने हट्ट धरला, ‘‘काका येणार असतील तरच मी गाडी ठरवते.’’ नाना कसेबसे तयार झाले. शंका एकच, तीही गावच्या बोलीत.

‘‘भाऊ, तठे भाकर भेटस का?’’

‘‘नाना, पाव मिळतो.’’

‘‘पाव तर चोपड्यालेबी भेटस!’’

वंदनाने पिठाची पिशवी न्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे विषय मिटला. तेवढ्यात रुचाने अट घातली. ‘‘बाबा, गाडी बोटीत चढवणं वेगळं असतं. तुम्ही अजून घराच्या फाटकातून गाडी आत घेताना आईला बाहेर उभं करता. आधी तुमच्याकडेच एकदा करून बघा. नीट जमलं, की लगेच तिघांची तिकिटं काढते.’’

म्हणजे परीक्षा! मी चौकशी केली. सुरतेजवळ हजिऱ्याहून गाडीसकट बोटीत चढता येतं आणि आखात ओलांडून पलीकडे सौराष्ट्रात घोघ्याला उतरता येतं. मी जाहीर केलं, ‘‘हजिरा म्हणजे जर्मनी, घोघा म्हणजे डेन्मार्क!’’

‘‘आणि धुळं?’’ वंदनाने विचारलं.

धुळ्याला आम्ही फक्त चहा प्यायलो. एवढ्यासाठी त्याला कुठला देश द्यायचा, हे मला सुचेना.

सुरतेला मुक्काम करून सकाळी बंदरावर पोचलो. तिथला नियम असा, की गाडीत फक्त चालवणाऱ्याने बसायचं. बाकीच्यांनी प्रवाशांच्या दाराने पायी बोटीत चढायचं. मी दोघांना उभं करून छोटंसं भाषण दिलं. ‘‘युरोपात हीच शिस्त असते. हातात ओझं घ्यायचं नाही. सगळं गाडीत. सुटसुटीत चढायचं, वर डेकवर भेटायचं.’’

‘‘पर्स तरी असू द्या,’’ वंदना म्हणाली.

‘‘पर्स म्हणजेच ओझं!’’

नाना सकाळपासून नव्या बुटांना कंटाळले होते. त्यांनी बूट काढून मागच्या सीटखाली सरकवले आणि मोजे घालून शिस्तीत दाराकडे निघाले. मी गाडी बोटीच्या पोटात नेली. पहिल्या झटक्यात, कोणाला मागे उभं न करता! हँडब्रेक ओढला, दोनदा तपासला आणि छाती काढून जिना चढलो. खाली गाड्यांचं दार लागलं. आता पलीकडे पोचेपर्यंत कोणाला खाली जाता येणार नव्हतं.

डेकवर दोघं दिसेनात. पाणी प्यायला थांबले असतील, असं मला वाटलं. भोंगा झाला, बोट हलली. किनाऱ्यावर दोन माणसं जिवाच्या आकांताने हात हलवत होती. मला भरून आलं. काय माणुसकी आहे लोकांत! कोण कुठले प्रवासी, त्यांना निरोप द्यायला उन्हात उभे राहतात! मीही दोन्ही हात वर करून हलवले. रुमालसुद्धा फडकवला.

मग त्यातल्या एकाच्या डोक्यावरची टोपी ओळखीची वाटली. पायांत मोजेही दिसले.

फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज चांगलाच ओळखीचा.

‘‘कुठे आहात?’’

‘‘डेकवर. तुम्ही?’’

‘‘जमिनीवर! आमची आधार कार्डं कुठेयत?’’

‘‘गाडीत. पुढच्या कप्प्यात. अगदी सुरक्षित.’’

‘‘ती दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. माझी पर्स?’’

‘‘गाडीत.’’

‘‘फोन पर्समध्ये. एका बाईंनी बिचारीने स्वतःचा दिला म्हणून बोलतेय. आणि रुमाल कसला फडकवत होतात?’’

मी उत्तर द्यायच्या आत नानांनी फोन घेतला. ‘‘भाऊ, मना बूट?’’

‘‘गाडीत, नाना.’’

‘‘भाकरीना डबा?’’

‘‘तोही गाडीतच.’’

 नाना म्हणाले, ‘‘मंग तू तरी आठे कसाले ऱ्हाशी!’’ बरोबरच होतं, सगळंच बोटीवर, मग मीच मागे कशाला राहीन!

डबा माझ्या पायाखाली, पण कुलपात. त्यामुळे तिकडे दोघं उपाशी आणि इकडे मीही. शेजारचे एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, ‘‘या वयात एकटेच फिरता? वा!’’ मी मान हलवली. तेवढ्यात रुचाचा व्हिडिओ फोन.

‘‘बाबा! जमलं? मला समुद्र दाखवा ना!’’

मी फोन पाण्याकडे वळवला.

‘‘भारी! आई कुठेय?’’

‘‘मागे आहे.’’

हे खोटं नव्हतं. मागेच होती, फक्त अंतर दर मिनिटाला वाढत होतं.

घोघ्याला उतरलो तर परतीच्या बोटीत गाडीला जागा नाही. मग सबंध आखाताला वळसा घालून जमिनीवरून परत निघालो. त्या अनोळखी नंबरवर फोन लावला, तर त्या बाई केव्हाच घरी पोचल्या होत्या. ‘‘तुमच्या मिसेस ट्रकने गेल्या,’’ एवढंच त्या म्हणाल्या. इतका वेळ मी पोलिसांत काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. बायको आणि भाऊ मीच टाकून आलो, हे वाक्य कोणत्याही बाजूने म्हटलं तरी वाईटच वाटत होतं.

झालं होतं असं, की बंदराच्या रस्त्यावर नानांना एक ट्रक दिसला. त्यांच्याच गावाकडची केळी सुरतेला उतरवून तो रिकामा परत निघाला होता. चालवणारा सावद्याचा, नानांच्या व्यापाऱ्याचा माणूस. त्याने दोघांना केबिनमध्ये घेतलं, वाटेत जेवू घातलं आणि घराच्या दारात आणून सोडलं. मी त्या वेळी भरूचच्या पुढे एका पुलावर, गाड्यांच्या रांगेत, कडक झालेली भाकरी चघळत होतो.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो, तेव्हा पाय गाडीतून बाहेर यायला तयार नव्हते. ओट्यावर शेजारीपाजारी जमलेले. मधोमध नाना. वहिनी गेल्यानंतर मी त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

‘‘काय उंच सीट! बठ्ठं दिखस! घाट, डोंगर, नदी... आते हाऊ नॉर्वे पन दखी टाकूत!’’

वंदनाने मला पाणी दिलं आणि रुचाशी बोलणं झाल्याचं सांगितलं. तिकिटं निघाली होती, तिघांचीही. गाडी रुचा चालवणार, बोटी रुचा ठरवणार, आणि मी कशातही बोलायचं नाही. एवढी चांगली बातमी मला वर्षभरात कोणी दिली नव्हती.

शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘मग, समुद्र कसा होता?’’

‘‘ह्यांना विचारा,’’ वंदना म्हणाली. ‘‘आमच्यात समुद्र ओलांडला तो फक्त ह्यांनीच!’’

सगळे माझ्याकडे वळले. काय सांगणार? कपाळाला हात लावून सबंध वेळ मी किनाऱ्याकडेच बघत उभा होतो. समुद्र मधे होता म्हणतात, असेल!