टॅब घ्यावा का नाई

समोरचा माणूस बोलता बोलता अडला, की भाऊ त्याच्याकडे न बघता, ओठ जेमतेम हलवत, पुढचा शब्द पुरवायचे. आलापल्लीच्या माझ्या मोबाइलच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक "मले ते पायजे... ते..." करत उभं असलं, की कोपऱ्यातल्या स्टुलावरून हलकेच आवाज यायचा, "कवर." गिऱ्हाईक म्हणायचं, "हो, कवर." शब्द आपल्यालाच सुचला असा त्याचा थाट असायचा.

धंद्यानं लागलेली खोड होती ती. भाऊ झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. तुमच्याकडे नट अडला तर प्रॉम्प्टर मदत करतो. आमच्याकडे प्रॉम्प्टर सगळं नाटक वाचतो आणि नट ते ऐकून बोलतो. आज या गावात, उद्या त्या गावात, पाठ करायला सवड कोणाला? पडद्याआडून भाऊंनी वाक्य टाकायचं, नटानं ते रडून, ओरडून, लागेल तसं म्हणायचं.

अशा माणसाचे डोळे गेले हो. म्हणजे अगदीच गेले नाहीत, पण चष्मा बदलून आता भागणार नाही असं डॉक्टरनं सांगितलं. नाटक कंपनीच्या मालकाला अजून पत्ता नव्हता. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा आणि रात्रीची नाटकं, सुरू झाल्या की पहिल्याच नाटकात कळणार होतं, आणि भाऊंची जागा दुसऱ्याला जाणार होती. नेमका तेव्हाच बाजारात एक नवा, मोठ्या पडद्याचा टॅब आला.

"बाबू, घ्यावा का नाई घ्यावा?"

आता काय सांगू? मी दुकानदार, घ्या म्हणणं हा माझा धर्म. पण फोन कापताना ज्यांच्या हातून दरवेळी टॉर्च लागायची, त्यांच्या गळ्यात हे बांधायचं? एक दिवस मी म्हणायचो, घ्या. दुसऱ्या दिवशी मीच म्हणायचो, "थांबा भाऊ, नवंच आहे. दोन महिन्यांत याच्याहून बरा येईल."

"मंग तोवर माये डोळे थांबतीन का?"

शेजारचे घड्याळवाले चाचा म्हणाले, "ले लो." भाऊंच्या पत्नी, बाई, घरून म्हणाल्या, काचेवर कायचा भरोसा, फुटली की झालं. भाऊ प्रत्येकाचं पटवून घ्यायचे आणि संध्याकाळी पुन्हा माझ्याकडे येऊन तेच विचारायचे.

शेवटी मी त्यांच्या नाटकाच्या पानांचे फोटो काढून टॅबमध्ये टाकले, टॅबची सगळी भाषाही मराठी करून दिली. भाऊंनी काचेवर दोन बोटं फाकवली. "अरे, हा 'क' तं कोहळ्याएवढा झाला गा." त्या 'क'कडे ते बराच वेळ बघत राहिले. मग डोळे पुसले आणि टॅब घेतला.

हंगाम बरा चालला होता. जवळच्या गावच्या मंडईत मी मुद्दाम नाटक बघायला गेलो. अंगणभर माणसं. रंगमंचावर म्हातारा बाप मरायला टेकलेला, लेक उशाशी. बाप म्हणाला, "पोरी, माझा आता भरवसा नाही..." आणि तशाच कापऱ्या आवाजात पुढे म्हणाला, "बॅटरी कमी आहे. चार्जर जोडा."

लेक हुंदका द्यायची विसरली. क्षणभर कोणाला काही कळेना, मग मांडव हसून हसून आडवा झाला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. बाप बिचारा मरता मरता पडद्याकडे बघत होता.

टॅबवर आलं ते भाऊंनी वाचलं होतं. त्यांनी वाचलं ते नट बोलला होता. मालकानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, "भाऊ, आता आराम करा." बोलला गोडच, पण जागा गेली ती गेलीच.

भाऊ दुकानात आले तेव्हा मला वाटलं, टॅब माझ्या डोक्यात घालतील. ते स्टुलावर बसले. "त्यानं इचारलंसुद्धा नाई, हे नाटकात हाये का म्हणून. एवढा भरोसा होता माह्यावर." मग म्हणाले, "चुकलंच का गा मायं?"

"टॅब नसता तर यंदा तुम्ही पडद्याआड बसलाच नसता, भाऊ."

"आन् होता म्हणून उठवलं."

दोन्ही खरं होतं. भाऊ रोज यायचे, तेच विचारायचे, आणि मधूनच एखाद्या अडलेल्या गिऱ्हाइकाला "चार्जर" म्हणून शब्द द्यायचे.

उन्हाळ्यात भाऊ गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. फार चुटपुट लागली मला. मोहफुलं वेचायचे दिवस संपल्यावर बाई आल्या. टॅब दुपट्ट्यात गुंडाळलेला होता.

"वापस घ्या म्हणत नाई मी. फक्त सांगा, हा घ्याले पायजे होता का नाई? शेवटपर्यंत तेच इचारत होते."

मी म्हटलं, "बाई, खरं सांगू का, तो टॅब..." आणि अडलो. माझा कान आपोआप कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळला. बाईही तिकडंच बघत होत्या.