गैरहजर माणसांच्या सह्या

माझं अक्षर चांगलं आहे, त्यानंच माझा घात केला. धंद्यानं मी टेलर. ग्रामपंचायतीच्या गाळ्यात, म्हणजे कार्यालयाला चिकटूनच, माझं मशीन. पंचायतीच्या भिंतीवर नोटिशीचा काळा फळा आहे. त्यावर शिपाई जे लिहायचा ते लिहिणाऱ्यालाही परत वाचता यायचं नाही. एके दिवशी भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, खडू घेऊन माझ्याकडं आले आणि म्हणाले, टेलर, दोन ओळी लिहा की. त्या दोन ओळी लिहिता लिहिता माझे केस पांढरे झाले. पुढं देवळाच्या भोंग्यावरून पुकारायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, आणि मोबाईल आले तसा गावाचा ग्रुपही मीच काढला. नळाला पाणी कधी, रेशन आलं का, डोळ्यांचं शिबिर कुठं, कुणाची शेळी हरवली, कोण वारलं आणि माती किती वाजता. फुकटची हमाली, पण खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची. बाया ब्लाउज टाकायला आल्या की विचारायच्या, भाऊ, काय निघालंय? मी मान वर न करता सांगायचो. गाव आपल्यामुळंच चाललंय असं वाटायला लागलं होतं.

आमचं गाव पाथर्डीकडचं, माळाचं. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. कुणी कोल्हारकडं प्रवरेच्या पट्ट्यात, कुणी पार कर्नाटकात. येतात ते गुढीपाडव्याच्या आसपास. मागं उरतात म्हातारीकोतारी, कुत्री आणि आम्ही चार दुकानवाले. आणि सरकारचं काय कौतुक सांगावं, जे काही निघायचं ते नेमकं याच महिन्यांत. सर्वे, याद्या, अंगठा द्या, फोटो द्या, घर दाखवा. फळा भरून जायचा आणि वाचायला माणूस नाही. मीच लिहायचो, मीच वाचायचो, मीच पुसायचो.

माझ्या गाळ्यामागं चार घरं सोडून एक बाई राहते. नवरा गेल्यापासून ती आपल्या भावाबरोबर तोडीला जाते, कारण दोन माणसांचा मिळून एक कोयता धरतात आणि एकट्या बाईला टोळीत कुणी घेत नाही. घर म्हणजे मातीच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर दगड. मागची भिंत एका पावसाळ्यात बसली ती बसलीच. तिथं तिनं ताडपत्री लावलेली. पोरगी तेव्हा आठवीत होती, हुशार, आणि दरवर्षी आईबरोबर उसाच्या फडावर जाऊन अर्धी शाळा बुडवणारी. बाईची आई माहेराहून येऊन नातीजवळ राहायला तयार होती. पण म्हातारी म्हणायची, ताडपत्रीच्या घरात तरण्या पोरीला घेऊन मी कशी झोपू? त्यात तिचं काय चुकलं? म्हणून त्या बाईचा सगळा जीव घरकुलाच्या यादीत अडकला होता. यादीत तिचं नाव लागलं होतं. चार पक्क्या भिंती, आतून लागणारी एक कडी, आणि पोरगी दहावी होणार, एवढा तिचा हिशोब.

त्या वर्षी दसऱ्यानंतर निघायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. नवऱ्याच्या जुन्या शर्टांच्या बाह्या लांबवून हव्या होत्या, उसाच्या पानांनी हात कापतात म्हणून. शर्ट घेतले आणि म्हणाली, "भाऊ, यादीचं काय इकडंतिकडं झालं तर माझ्या भावाला फोन लावा. मी आसंल तशी येईन."

मी म्हणालो, "मी इथं बसलोय ना. तुम्ही निर्धास्त जा."

या वाक्याचा मला आजही संताप येतो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

आता त्या बाईच्या सहीचंही सांगायला पाहिजे. पूर्वी ती अंगठा लावायची. बँकेतला एक जण तिला काहीतरी टाकून बोलला, तेव्हा रागारागानं माझ्याकडं आली आणि म्हणाली, मला नाव लिहायला शिकवा. माझ्या खडूनं, माझ्याच ओट्यावर, कापड बेततात त्या फळीवर ती महिनाभर गिरवत होती. अक्षरं आली, पण वरची रेघ काढायची ती हमखास विसरायची. मग आठवण झाली की अक्षरांच्या खालून ओढायची. मी म्हणायचो, वहिनी, रेघ वर. ती म्हणायची, ऱ्हाऊ द्या, खालून धरलेली बरी. तीच तिची सही झाली. तालुक्यात तशी सही दुसऱ्या कुणाची नसेल.

जानेवारीत झेंडावंदन झालं आणि लागलीच शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. बसली म्हणजे काय, आम्ही जेमतेम वीस-बावीस डोकी आणि जिलेबीची वाट बघणारी पोरं. कोरम व्हायचा तर माणसं पाहिजेत आणि माणसं उसात. यावर आमच्याकडं एक रीत आहे. तोडीला गेलेल्यांच्या सह्या गावात असलेली माणसं करतात. लग्नाला येता आलं नाही तर शेजाऱ्याबरोबर आहेर पाठवतात, तसंच हे, असं आम्ही मानतो. कुणाला त्यात पाप वाटत नाही, उलट सही राहून गेली तर तो माणूस परत आल्यावर रुसतो. सरपंच तर दरवर्षी म्हणतात, ती पोटासाठी गेलीत, गाव सोडून नाही गेली, त्यांची हजेरी लागलीच पाहिजे. ऐकायला किती चांगलं वाटतं! आणि अक्षर कुणाचं चांगलं? टेलरचं. रजिस्टर माझ्या मांडीवर.

तीन रंगांचे पेन घेऊन मी बसलो होतो. एखादी सही डाव्या हातानं, एखादी थरथरत, एखादी झोकात. लोक वाकून बघायचे आणि हसायचे, अरे, हा तर हुबेहूब! मलाही चेव चढला होता, काय सांगू. तिच्या नावाशी आलो तेव्हा मी मुद्दाम वेळ घेतला. एक अक्षर मोठं, एक बारकं, आणि मग जीभ दातात धरून खालून रेघ. पुढं भाऊसाहेब एका सुरात विषय वाचत होते, आणि आम्ही प्रत्येक विषयाला मंजूर मंजूर म्हणत होतो. त्यातच घरकुलाची अपात्र यादी वाचून झाली. मी तिची रेघ ओढत होतो तेव्हाच तिचं नाव वाचलं गेलं असणार. मला ऐकू आलं नाही. खरं म्हणजे मी ऐकतच नव्हतो.

संध्याकाळी ग्रुपवर टाकलं, ग्रामसभा खेळीमेळीत पार पडली, सर्व विषय एकमताने मंजूर. आठवड्यानं भाऊसाहेबांनी ठरावाबरोबरच्या याद्या दिल्या. त्यांचे फोटो काढले, ग्रुपवर टाकले, खाली दोन हात जोडले. एकही यादी वाचली नाही. दुसऱ्याला बातमी सांगण्याच्या नादात आपण ती स्वतः कधी वाचत नाही, हे शहाणपण मला फार उशिरा आलं. तिच्या भावाचा फोन त्या ग्रुपवर होता. पण फडावर चार्जिंग कुठलं आणि पहाटेपासून तोडणाऱ्या माणसाला फोटोतली बारीक अक्षरं वाचायची फुरसत कुठली? आणि मी सांगितलं होतं ना, निर्धास्त जा.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती दुकानासमोर येऊन उभी राहिली. उन्हानं रापलेली, हातावर चरे. आवाज मात्र शांत. म्हणाली, माझं नाव काढलं म्हनतेत. मी म्हणालो, छे, कसं काढतील? आणि फोन काढून, मीच टाकलेला तो फोटो बोटांनी मोठा करून बघितला. तिचं नाव होतं. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, पाहणीवेळी घर बंद, कायम स्थलांतरित. मी तो रकाना तिला मोठ्यानं वाचून दाखवला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

भाऊसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, सभेत कुणी हरकत घेतली नाही, या तर हजेरीत हजर आहेत, आता काय ते तालुक्याला. तिला बाहेर बसायला सांगून मला हळूच म्हणाले, टेलर, जास्त ताणू नका, सह्या कुणी केल्यात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांचा राग येऊन उपयोग नव्हता. खरंच होतं ते.

तिला वाटलं, टेलरभाऊ बरोबर आहेत म्हणजे काम होणार. तालुक्याला जाताना जीपमध्ये ती मला सांगत होती की दार पूर्वेला ठेवायचं, मोरी मागं घ्यायची. मी हूं हूं करत होतो. सभेतली तुमची सही मीच केली, हे अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही.

तालुक्याच्या कार्यालयात एक तरुण मॅडम होत्या. चांगल्या होत्या, खोटं बोलणार नाही. त्यांनी बाईला खुर्ची दिली, फाईल मागवली, हजेरीची प्रत समोर ठेवली आणि कागदावरच्या भाषेत एका दमात म्हणाल्या, "या सभेत आपण उपस्थित दिसता, हरकत घेतलेली नाही. स्वाक्षरी आपली नसल्यास तसा लेखी आक्षेप द्या, ठराव फेरविचारार्थ परत पाठवून नाव कायम ठेवता येईल. मात्र बनावट स्वाक्षरी करणाऱ्याविरुद्ध कार्यवाही होईल." एवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या तिकडं वळून बोलू लागल्या.

बाईनं माझ्याकडं बघितलं. "काय म्हनल्या, भाऊ?"

वर्षानुवर्षं मी हेच काम केलं होतं. सरकार काय म्हणतं ते गावाच्या भाषेत सांगायचं.

मी म्हणालो, "विचारतायत, ही सही तुमची का? नसली तर ज्यानं केली त्याच्यावर केस होईल."

एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. मधलं मी गाळलं. नाव परत लागेल, हे गाळलं. माझी बायको, माझं मशीन, चावडीसमोर पोलिसांची गाडी, पेपरात माझ्याच गावची बातमी, हे सगळं डोळ्यांपुढं आलं आणि माझी जीभ तिथंच थांबली.

तिनं कागद ओढून घेतला. खालच्या रेघेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला कळायला क्षणसुद्धा लागला नाही. ती सही जगात दोनच माणसांना येत होती. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मी टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडं. मॅडमनी फोन ठेवला आणि विचारलं, तर काय, सही तुमची आहे का? ती म्हणाली, "माझीच हाय." मॅडमना पटलं नसावं. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की? ती म्हणाली, "व्हय. मी हुते सभेला. ध्यान न्हाई दिलं."

फाईल बंद झाली.

परतीच्या जीपमध्ये गर्दी होती. आम्ही मागं समोरासमोर बसलो होतो, गुडघ्याला गुडघा लागत होता. मला वाटलं आता शिव्या देईल. द्याव्यात असं मनापासून वाटत होतं. फाटा जवळ आला तेव्हा तिनं विचारलं, "भाऊ, सही माझी न्हाई म्हनले आस्ते, तर नाव परत लागलं आस्तं का?"

अजून उलटं वळता येत होतं. तालुका मागं तासाभरावर होता, कचेरी उघडी होती, मॅडम खुर्चीत होत्या.

"नाही," मी म्हणालो. "यादी एकदा वर गेली की गेली."

तिनं मान हलवली. "मग बरं झालं न्हाई बोलले. उगं तुमाला आत घातलं आस्तं, अन् आमच्या हाती काय लागलं नस्तं." थोड्या वेळानं, जीपच्या बाहेर बघत, ती म्हणाली, "पोरीला आज सांगून टाकते. या दसऱ्यापास्नं कोयत्यालाच चल. उगं शाळेची आशा लावून ठिवली तिला."

जीप पंचायतीसमोर थांबली. मी आधी उतरलो, ती मागून. पदर सारखा केला आणि ती म्हणाली, तुमी लई केलं माझ्यासाठी, सबंध दिवस मोडला तुमचा. मी ते ऐकून घेतलं.