घाबरले की मी यस म्हणते

परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी मला एका इंटरव्ह्यूत मिळाली. त्याआधीच्या सहांत मिळाली नव्हती. पण आता आमच्या भिलाईच्या मरोदा वस्तीतल्या कुणाचीही मुलगी तसला अर्ज भरणार असली, की तिला माझा नंबर देतात. ती वही उघडून फोनवर बसते. मी सातव्या इंटरव्ह्यूबद्दल सांगायला घेते आणि तासाभरानं लक्षात येतं, की आपण अजून दुसऱ्यातच आहोत. यशाचा किस्सा एकच असतो, पडल्याचेच साठत जातात. ऐकणाऱ्यालाही तेच हवे असतात.

तेव्हा मी दुर्गच्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि मला बाहेर जायचंच होतं. आईनं मुदत घातली होती, "दिवाळीपर्यंत कर तुले काय करायचं ते. मंग मुकाट्यानं पोरगं पाहाचं."

माझा एक दोष आधीच सांगून टाकते. घाबरले की मी यस म्हणते. प्रश्न पूर्ण ऐकायच्या आधीच.

*

पहिल्या इंटरव्ह्यूला मागे साधी भिंत हवी, असं कळवलं होतं. आमच्या घरात साधी भिंतच नाही. एकीवर कॅलेंडर, एकीवर टीव्ही, एकीवर बाबांना रिटायरमेंटला मिळालेलं भलंमोठं घड्याळ. म्हणून मी दोरीवर पांढरी चादर टाकून तिच्यासमोर बसले. मे महिना, कूलर सुरू. वाऱ्यानं चादर फुगायची आणि माझ्या डोक्यावर यायची.

पलीकडच्या बाईंनी काळजीनं विचारलं, "तुम्ही तंबूत राहता का?"

"यस."

"तिकडे पूर वगैरे आलाय का?"

"यस."

त्यांनी इंटरव्ह्यू तिथेच थांबवला आणि आधी घरच्यांकडे बघा म्हणाल्या. आठवड्यानं त्यांची मेल आली, पाणी ओसरलं का म्हणून.

*

"आमच्याच देशात का यायचंय?" हा प्रश्न सगळीकडे असतो. मी एकच उत्तर पाठ केलं होतं आणि त्यात फक्त देशाचं नाव बदलायचे. थायलंडच्या शाळेला मी मनापासून सांगितलं, की मला लहानपणापासून तुमच्याकडच्या बर्फाची ओढ आहे.

ते गृहस्थ म्हणाले, "मलाही आहे. मी अजून पाहिलेला नाही."

*

तिसरी शाळा आखातातली होती. आपला भिलाईचा उच्चार चालायचा नाही, असं मनानंच ठरवून मी महिनाभर व्हिडिओ बघून बघून विलायती उच्चार कमावला होता. पलीकडे कॅमेरा बंद, स्क्रीनवर नुसतं शाळेचं नाव. दहा मिनिटं मी जीभ वळवून वळवून बोलले. छान चाललं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई ओरडली, "अवं, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या वं?"

लॅपटॉपमधून शांत आवाज आला, "तीन झाल्या मावशी. बंद करा."

बाई नागपूरच्या निघाल्या. मग मला म्हणाल्या, "हं, आता तुझ्या आवाजात सांग." तर मला माझा आवाज सापडेना. नोकरी गेली ती गेली, वरून आई आठवडाभर त्या बाईंचंच कौतुक करत होती.

*

चौथ्यांनी वर्गाचा व्हिडिओ मागितला. शाळेत शूटिंगला परवानगी नव्हती. बाबा म्हणाले, "विद्यार्थी मी आणतो." आणि त्यांनी भिलाईच्या स्टील प्लांटमधून त्यांच्यासारखेच रिटायर झालेले पाच मित्र आणले. पाचही जण ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर. बाबांसकट सहा जण ओळीनं सतरंजीवर बसले.

मी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही कोण?"

साहूकाका ताडकन उठले. नाव सांगितलं, मग प्लांटमधला पर्सनल नंबर, मग कामाचं खातं, आणि बसले. मग दुसरे उठले. सहाही जणांनी नाव, नंबर आणि खातं सांगितलं. उभ्या जन्मात "तुम्ही कोण"चं दुसरं उत्तर त्यांनी कधी दिलंच नव्हतं.

व्हिडिओ पाहून इंटरव्ह्यूच्या बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "आपण कैद्यांना शिकवता का?"

मी घाबरले होते. मी यस म्हटलं.

*

पाचव्यात मी इतकी भरभर बोलले, की अर्ध्या तासाचा इंटरव्ह्यू नऊ मिनिटांत संपला. यावर बाबांनी उपाय काढला.

बाबा प्लांटमध्ये क्रेनचे सिग्नलमन होते. क्रेनवाला उंचावर केबिनमध्ये, खाली कान फाटेल असा आवाज, म्हणून सगळं बोलणं हातानं. बोट वर करून फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. आणि फिरणाऱ्या बोटावर दुसऱ्या हाताचा तळवा धरला, की हळू.

सहाव्याला ते लॅपटॉपच्या मागे उभे राहिले. माझा आवाज पडला की बोट वर, गाडी सुसाट सुटली की बोटावर तळवा. मी त्यांच्याकडे बघत अगदी सुरेख बोलत होते.

समोरच्या माणसानं विचारलं, "तुम्हाला कुणी उत्तरं सांगतंय का?"

यस म्हणून मोकळी झाले.

बाबांचा चेहरा पडला. "मी त नुसतं हळू म्हणून राहिलो होतो," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. आजवरच्या सगळ्या इंटरव्ह्यूंत तोच एक चांगला चालला होता.

*

सातवा व्हिएतनामचा होता आणि दिवाळीला बारा दिवस होते. बाबा आपणहून फाटकाबाहेर स्कूटरवर जाऊन बसले.

स्क्रीनवर तिघं जण. म्हणाले, "समजा, आम्हाला इंग्रजीचा एकही शब्द येत नाही. शिकवा."

मी स्टीलचा पेला हातात घेतला आणि आवाज गेला. चित्र होतं, आवाज नाही. ते कानाकडे बोट दाखवत होते. माझी सगळी तयारी बोलण्याची होती. मग हात आपोआपच वर गेला आणि बोट फिरायला लागलं. कागदावर एकेक शब्द लिहून दाखवत गेले, हात हलवत गेले. तिघांनी आपापले कप उचलले, उतरवले. तळवा धरला तशी तिघांची गती एकदम कमी झाली.

आवाज परत आला तेव्हा तिघं मिळून इंग्रजीत "हळू, हळू" म्हणत होते.

"ही पद्धत कुठे शिकलात?"

"बाबांकडून. ते क्रेनला शिकवायचे."

*

विमान कोलकात्याहून होतं, म्हणून दुर्गहून गाडी. एसी डब्याची काच बंद. गाडी हलली. प्लॅटफॉर्मवर आई पदर डोळ्यांना लावून टाटा करत होती. बाबांनी टाटा केला नाही. त्यांनी एक हात वर केला आणि बोट फिरवायला लागले. मग दुसऱ्या हाताचा तळवा त्या बोटावर धरला. खांबाआड जाईपर्यंत तो तसाच होता.

समोरच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "पापा कुछ मँगवा रहे हैं क्या?"

मी यस म्हटलं.