निर्मलाताईंचा बाजाराचा दिवस

शेवटच्या भेटीत निर्मलाताईंनी मला वार विचारला. दवाखान्यात पडून राहिलं की वारांचा हिशोब सुटतो, म्हणून मी सांगितलं, आज बाजार आहे. त्या लगेच उशीवरून मान उचलायला लागल्या. म्हणाल्या, "मंग तू इथी काय करून राह्यली? कुलूप काढलं का?" बाजारातल्या बायकांच्या संडासाचं कुलूप. त्याची किल्ली भाजीवाल्या कौसाबाईंकडे दिली आहे, काळजी करू नका, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी डोळे मिटले... मला वाटलं, झोपल्या. तर डोळे मिटूनच म्हणाल्या, "कुलूप काढून होत नाई. बाया जाऊन राह्यल्या का, थे पाहाजो." पुढच्या बाजारापर्यंत ताई राहिल्या नाहीत.

ताई तळेगावकडच्या शेतकरी घरातल्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत जन्म काढून निवृत्त झाल्या आणि वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत आमच्या गल्लीत राहायला आल्या. नवरा लवकर गेलेला, मुलगी लांब. वर्गावर असल्यासारखा खणखणीत आवाज, आणि कुणाचीही भीडभाड म्हणून नाही. मी त्यांना आमच्या नागरिक मंडळात ओढलं. शहरासाठी काहीतरी करायचं म्हणून आम्ही ते काढलं होतं, पण आमचा खरा उद्योग सत्कार करणं हाच होता. शाली संपल्या की सभा संपली. पहिल्या सभेला ताई शेवटपर्यंत गप्प बसल्या आणि घरी परतताना मला म्हणाल्या, की तुमच्या मंडळात शहर सोडून बाकी सगळं आहे. मला राग आला होता, पण खोटं काय बोलल्या होत्या?

मग त्यांचं ते वर्ष सुरू झालं. संक्रांतीला मंडळाचं हळदीकुंकू होतं. ताईंनी दोन गोष्टी केल्या. विधवांना बोलावलं, आणि बाजारात जमिनीवर पोतं टाकून भाजी विकणाऱ्या बायकांना बोलावलं. स्वतःच करंडा घेऊन फिरल्या. प्रत्येकीला हळदीचं बोट लावताना हळूच विचारायच्या, बाजाराच्या दिवशी तुम्ही जाता कुठं? बायका पदरात तोंड लपवून हसल्या, एकमेकींना कोपरखळ्या मारल्या, पण उत्तर कुणी दिलं नाही. ते उत्तर उन्हाळ्यात मिळालं. बाजाराच्या तोंडाशी कडुनिंबाखाली आम्ही पाणपोई लावली. वाळा घातलेले माठ, वर ओलं गोणपाट... वर्ध्याचं ऊन ज्यांनी खाल्लं आहे त्यांना त्या पाण्याची किंमत सांगायला नको. पुरुष घटाघटा पीत होते. समोर उन्हात बसलेल्या कौसाबाईंना ताईंनी स्वतः गिलास नेऊन दिला, तर त्यांनी तो हातानं दूर सारला.

"पानी पेली त जाऊ कोठी, बाई?" त्या म्हणाल्या. "आमी बाजाराच्या दिवशी सकाळपासून पानीच नाई पेत."

ताई तो गिलास हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनीही पाणी घेतलं नाही. मी आग्रह केला तर माझ्यावरच खेकसल्या.

तान्ह्या पोळ्याला आमचं मंडळ लाकडी बैलांची स्पर्धा घेतं. पोरं शेतकऱ्याचा वेश करून आपापले नंदी ओढत आणतात, आणि नगरपालिकेतलं कुणीतरी बक्षीस देतं. त्या वर्षी पाहुण्यांनी एका चिमुरडीच्या नंदीला पहिलं बक्षीस दिलं. फोटो काढायला वाकले तेव्हा नंदीच्या गळ्यातली पाटी त्यांना दिसली : माझ्या आजीला बाजारात संडास हवा. ती कौसाबाईंची नात. पाटीवरचं गोल अक्षर कुणाचं, हे सगळ्या गल्लीनं ओळखलं. पाहुणे भला माणूस. हसले, आणि एवढ्या लोकांसमोर शब्द देऊन बसले. पुढे ताईंनी त्या शब्दाचा असा पिच्छा पुरवला, की ते म्हणे ताईंची पांढरी छत्री दिसली की मागच्या दारानं जात.

दिवाळीनंतर संडास बांधून झाला आणि आमचं मंडळ पुन्हा आपल्या वळणावर गेलं. लोकार्पण म्हटल्यावर मंडप हवा, मंडप म्हटल्यावर स्टेज हवं. सावली बघून आम्ही स्टेज टाकलं ते नेमकं संडासाच्या दारासमोर. बाजाराचा दिवस. भाषणामागून भाषण, आणि बाजूला बाया ताटकळत उभ्या. शेवटी ताई उठल्या, नगरपालिकेच्या त्याच पाहुण्यांच्या हातातला माइक अलगद काढून घेतला आणि म्हणाल्या, "भाषन मंग करजा, साहेब. पयले थे स्टेज सरकवा, बाया उभ्या हायेत." अध्यक्षांसकट सगळ्यांनी मिळून स्टेज सरकवलं. सत्कार राहूनच गेले, आणि ते कुणाला आठवलेही नाहीत.

पण दार मोकळं झालं तरी बाया आत जाईनात. समोर पानठेला, तिथे माणसांचा अड्डा. सगळ्यांदेखत त्या दारातून जायचं म्हणजे केवढी लाज... ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. तेव्हापासून दर बाजाराला ताई सकाळीच जाऊन कुलूप काढायच्या आणि पानठेल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "मी जाऊन येतो वं, कौसाबाई," असं सांगून स्वतः आत जायच्या. अंगावर इस्त्रीची साडी, पायात मास्तरीणबाईच्या चपला. पहिल्यांदा पानठेल्यावर हसू फुटलं, नंतर तिकडे माना खाली जायला लागल्या. मग एक बाई गेली, मग दुसरी. मी थट्टेनं विचारलं, ताई, दर वेळी लागते तरी कशी? म्हणाल्या, लागत नाही गं, जावं लागतं.

त्या गेल्यानंतरच्या पहिल्या बाजाराला माझे पाय तिकडे वळत नव्हते. कुलूप असेल तर? आणि कुलूप निघालेलं असून तिथे कुणीच नसेल, तर ते सोसणं मला जास्त जड गेलं असतं. ताई नसलेली गल्ली मी सहन करत होते. त्यांचं काम बंद पडलेलं बघायची मात्र माझी तयारी नव्हती. तरी गेले. कुलूप निघालेलं होतं. कौसाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मानेनं दाराकडे खूण केली. मी आत गेले, कडी लावली, आणि इतके दिवस चारचौघांत आवरलेलं सगळं तिथे बाहेर आलं. स्मशानात रडले नव्हते, शोकसभेत भाषण केलं होतं. इथे भिंतीला टेकून हुंदके देत रडले... किती वेळ, कोण जाणे.

दारावर थाप पडली. अनोळखी बाईचा आवाज होता, घाईतला.

"आटपा नं बाई लवकर. मागं लाइन लागली हाये."

मी तोंडावर पाणी मारलं आणि कडी काढली. खरंच, रांग पार पानठेल्यापर्यंत गेली होती.