सुप्याचं 'बेंगो'

सुप्याच्या एमआयडीसीतली आमची फॅक्टरी स्पॅनिश कंपनीनं घेतली आणि माझ्याकडे किस्से साठायला लागले. घरी सांगितले की बायको विचारते, "तुम्ही काम कधी करता?" म्हणून इथं सांगतो.

*

पहिल्या शनिवारी पुण्याहून स्पॅनिश शिकवायला मॅडम आल्या. सुरुवात 'जाणे' या क्रियापदापासून. "मे बोय, म्हणजे मी जातो. घरी निघताना म्हणायचं."

आमचे फिटर पोपटनाना उठले. "मॅडम, निघताना जातो म्हनू नये. येतो म्हनावं."

मॅडमनी बरंच समजावलं. नाना ऐकेनात. शेवटी कंटाळून मॅडमनी 'येतो'चं स्पॅनिशही सांगितलं, बेंगो. वर्गानं तेवढंच पाठ केलं.

*

सोमवारी शिफ्ट सुटली. स्पेनहून आलेले इंजिनियर मिगेल साहेब मशीनपाशी होते. वीस जणांनी त्यांना "बेंगो" म्हणून हात केला आणि बस पकडली. माणसं परत येतायत म्हणून साहेब तासभर मशीन चालू ठेवून उभे! मंगळवारीही तेच.

बुधवारी एचआरनं नोटीस लावली, 'कामगारांनी परत येण्याची खोटी आश्वासने देऊ नयेत.' खाली सही ठोकून एचआरवाले साहेबांना "बेंगो" म्हणाले आणि घरी गेले.

*

नानांनी मिगेल साहेबांना घरी जेवायला नेलं. निघताना साहेब शिकलेल्या मराठीत म्हणाले, "मी जातो." नानांच्या बायकोनं त्यांना दारातून परत आणून बसवलं, पाणी पाजलं. साहेब "येतो" म्हणाले, तेव्हा कुठं त्यांना बूट घालू दिले.

*

मग नव्या मशीनच्या ट्रेनिंगला एकाला तीन महिने स्पेनला पाठवायचं ठरलं. राहुरीच्या बाळूनं पासपोर्ट आधीच काढलेला, आणि त्याच्या आईनं गावभर सांगून टाकलेलं. आता निवड झाली नाही तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. मलाही त्याची काळजी लागली होती.

इंटरव्ह्यू ऑनलाईन, स्पेनच्या मोठ्या साहेबांपुढं. मॅडमनी बजावलं, "शेवटी मे बोय म्हणायचं. दुसरं काही नको." आठवडाभर बाळू कॅन्टीनमध्ये तेच घोकत होता.

त्या दिवशी लॅपटॉप मीच लावला. मिगेल साहेब बाळूशेजारी बसले, मॅडम मागं. बाळूनं सगळी उत्तरं फाडफाड दिली. मग उठला, स्क्रीनला हात जोडले आणि म्हणाला, "बेंगो."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मोठ्या साहेबांनी गोंधळून विचारलं, "काय म्हणतोय हा?"

मिगेल साहेब शांतपणे म्हणाले, "येतोय म्हणतोय. तिकीट काढा."