जळक्या जाळ्याचा वास

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इथे जाणती माणसं लिहितात, त्यांच्यात मी काय लिहिणार... शिवाय मी सायन्सचा विद्यार्थी. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता.

आमचं गाव धानोरा तालुक्यात, तलावाच्या काठी. आम्ही ढिवर, घर मासेमारीवर चालायचं. जाळी घरातच, लाइटच्या बोर्डाशेजारी खुंटीवर टांगलेली. जाळं दुरुस्त करताना नायलॉनच्या धाग्याचं टोक उदबत्तीने डागतात. तो वास मी झोपेतही ओळखेन.

त्या मंगळवारी गडचिरोलीला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल चालू होतं. सकाळचे साडेअकरा. अचानक तोच वास आला — घशात बसेल इतका. सरांनी सगळे बर्नर तपासले. दुसऱ्या कुणालाच वास येत नव्हता. मी व्हरांड्यात गेलो, तिथेही मला येतच होता.

घरी फोन लावला.

"बाबा, घरी काही जळून राह्यलं का?"

"नाई बे. काऊन?"

"बोर्डाकडे लक्ष ठेवा. अन् आग लागलीच तर पाणी नका टाकू. पहिले मेन स्विच बंद, मग कोरडी माती."

बाबा हसले. "ढिवराले पाणी नको म्हणते! मागं अख्खा तलाव हाय, अन् आपल्या घरी आग लागंन?" मग आईला ओरडून, "ऐकलं का वो, तुहा सायंटिस्ट भेला!"

एक गोष्ट मात्र मी बोललो नाही. दिवाळीत मासे ठेवायला जुना फ्रिज आणला, तेव्हापासून फ्यूज सारखा उडायचा. मासे धरायच्या बांबूच्या सापळ्याला बांधतात ती जाड तार मीच फ्यूजमध्ये घातली होती. मग फ्यूज कधी उडाला नाही. "पोरगं शिकलं," असं बाबा गावभर सांगत फिरले होते. तार काढा — एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही.

शनिवारी दुपारी वायर तापून बोर्ड पेटला, मग जाळी. चार दिवस आधी, इतक्या लांब, तो वास मला कुठून आला? आजही मला कळलेलं नाही.

निरोप मिळताच बस धरली. जंगलात नेटवर्क गेलं. धानोऱ्याच्या स्टँडवर चुलतभावाचा फोन लागला.

"दादा, बाबा कसे हायेत?"



"काकानं पहिले मेन बंद केला. पाण्याले हात नाई लावला... तू सांगतलं होतं ना. काकूले बाहेर काढलं. मग जाळी आणाले आत गेला, अन् धुरातच राह्यला."

 तो पुढे म्हणाला, "तुहा फोन आला म्हणून त्यानं बुधवारी वायरमन बोलावला होता. वायरमन म्हणे, ही तार आत्ताच काढतो. काका म्हणे, राहू दे — माह्या पोरानं लावली हाय, तो सायन्सले हाय. रविवारी येते, त्याले इचारून काढू."