आमच्या घरातल्या दोन आळशी बायका

आमच्या घरात एक नियम आहे आणि त्याला 'का?' विचारायची सोय नाही. पोटाचं दुखणं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही! गुडघा दुखला तर गल्लीभर सांगा. पोट मात्र ज्याचं त्याच्यापाशी. आणि मला झालाय क्रोन्स, म्हणजे आतड्यांना सूज येते आणि ती हटता हटत नाही. त्यामुळे माझे किस्से साठतात कसे, विचारूच नका. एक सांगून होईपर्यंत घरातल्या मोठ्यांनी दुसरा घडवलेला असतो.

*

मी पहिल्यांदा ॲडमिट होते तेव्हाची गोष्ट. पोरीला काय झालंय म्हणून शेजारच्यांनी मोठ्या काकांना विचारलं. आमच्या घरात आईबाबा आहेत, पण शब्द काकांचा.

काका म्हणाले, "काय न्हाय, ॲसिडिटी हाय."

"आठवडाभर? ॲसिडिटीनं?"

"इंग्लिश मीडियमची पोरगी हाय. तिची ॲसिडिटीबी मोठीच असणार की!"

*

आधीच्या गोळ्या लागू पडेनात म्हणून स्टिरॉइड सुरू झालं. चेहरा सुजून पुरीसारखा टम्म! मी आरशावर टॉवेल टाकून ठेवला. काकू मात्र खूश.

"गाल बघा कसे भरलेत! आत्ताच फोटो काढून घ्या, स्थळांना पाठवायला."

काढला! अजून तोच फिरतोय.

*

तेही औषध थकलं. आता दर काही आठवड्यांनी शहरातल्या दवाखान्यात जाऊन सलाईनमधून औषध घ्यावं लागतं. त्यानं सूज उतरली, रिपोर्ट सुधारले. थकवा मात्र घरातून हलायला तयार नाही. एकदा केस विंचरता विंचरता मी झोपले. अर्धी वेणी, हातात कंगवा.

काका दारात उभे. "रात्रभर झोपलीस. मग सकाळी सकाळी कशानं दमलीस?"

"झोपून!"

डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की सूज उतरली तरी थकवा राहू शकतो, तो आळस नसतो. काकांनी मान डोलावली आणि बाहेर येताच म्हणाले, "थकवा मलाबी येतो. मी लावून घेतो व्हय सलाईन?"

*

काकांच्या खिशात दुखण्यावरच्या गोळ्या कायम असतात. प्रसादासारख्या वाटतात. डॉक्टरांनी मला त्याच बंद केलेल्या, त्या गोळ्यांनी आतडं पुन्हा बिघडू शकतं म्हणून.

एकदा काकांनी त्यातली एक माझ्या हातावर ठेवली. "माझ्या खिशातली हाय, घरचीच की!"

मी ती बेसिनमध्ये टाकली. काका फुगले. दुपारी मात्र खोलीत आले आणि हळूच विचारलं, "मग दुखलं की काय करतीस गं?"

"गप पडून राहते."

त्यांनी पडदा ओढला, माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून. अशा माणसावर धड चिडताही येत नाही!

*

एकदा डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास? रक्ताच्या नात्यात असला तर धोका वाढतो."

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "छे! आमच्या खानदानात सगळ्यांची पोटं दगडाची."

मला मात्र आत्या आठवली. काकांची धाकटी बहीण, होटगीला एकटी राहते. लग्नानंतर वर्षाच्या आत सासरच्यांनी परत आणून सोडली. कारण काय, तर कामाला उठत नाही! तेव्हापासून सगळे तिला 'आळशी' म्हणतात. दहीभाताशिवाय काही खात नाही, म्हणून 'नखरेल' सुद्धा.

रविवारी तडक होटगी गाठली. "आत्या, कुणाकडे गेलीस की आधी काय शोधतेस?"

"संडास," ती म्हणाली आणि मग लाजली. "सगळेच शोधत असतील की."

"डॉक्टरकडे येतेस?"

"दादाला विचार."

विचारलं. दादा, म्हणजे आमचे काका, म्हणाले, "आता पन्नाशीला कशाला? लोक म्हणतील, खानदानातच हाय. तुझं लगीन व्हायचंय अजून!"

*

मग गेल्या महिन्यात चुलतभावाच्या मुलाचं बारसं झालं. घर पाहुण्यांनी भरलेलं. आमच्याकडे अशा कार्यात पहिली भाकरी घरच्या लेकीनं थापायची असते. आत्या भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पिठासारखा पांढरा.

काकू परातीपासून ओरडल्या, "उठा की वन्सं! बसून बसून मुळं फुटतील!"

सगळे हसले. आत्याही हसली आणि भिंत धरून उठायला लागली. मी तिचा हात धरला आणि तिच्याशेजारी खाली बसले.

"आत्या उठणार नाही. मीही उठणार नाही."

काका म्हणाले, "घरची रीत हाय, पोरी."

"असू दे. हिची तपासणी झाल्याशिवाय मी या रीतीला हात लावणार नाही. उद्या हिला माझ्या डॉक्टरांकडे नेतेय. आणि माझ्या स्थळांना तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगेन, आम्हा दोघींचंही."

"पाहुणे बसलेत!"

"ऐकू दे त्यांना. आत्या, येतेस ना?"

आत्यानं काकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "सकाळच्या गाडीनं जाऊ," ती म्हणाली. "मला डब्याच्या टोकाची, संडासाजवळची जागा धर."

परातीतले हात थांबले. काकू खाली बघत राहिल्या, काका दाराकडे. रिकामा तवा तापून धुरायला लागला होता आणि तो उतरवायला कुणीच उठलं नाही.